करीमबख्श मास्तरांचा पत्ता

"आणखी चार पानं बसतील का?" चिटणीसांनी मला विचारलं.

पुस्तिका बत्तीस पानांची ठरली होती. बत्तीसही पानांचे छपाईचे खिळे जुळवून झाले होते, पहिली सोळा पानं मशीनवर चढवायची बाकी होती. ज्या समितीने कागद दिला होता तिचे हे चिटणीस, मुंबईहून आले होते. त्यांच्या हातात इंग्रजीत टाइप केलेले दोन कागद होते. शेजारच्या खुर्चीत टेकचंद वकील बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत होते.

मी म्हणालो, "बसतील."

मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी बरोबर दिलं. पुढं जे झालं ते तिथून सुरू झालं, असं मला वाटतं.

हे १९५८ सालच्या पावसाळ्यातलं आहे. मी तेव्हा उल्हासनगरातल्या एका छापखान्यात मॅनेजर होतो. राहायला बदलापूरला. मुंबईत सरकारमान्य प्रेसमध्ये धंदा शिकलो आणि घराजवळ काम मिळालं म्हणून इकडे आलो. मालक हासोमल शेठ. फाळणीत सिंधमधल्या शिकारपूरहून आलेले. कॅम्प नंबर तीनमधल्या एका मिलिटरी बराकीत त्यांनी प्रेस थाटला होता. आमच्याकडे देवनागरी, इंग्रजी आणि सिंधी असे तिन्ही खिळे होते. सिंधीची लिपी अरबी वळणाची, उजवीकडून डावीकडे, बावन्न अक्षरं. त्यातली बहुतेक अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतात, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं. त्यामुळे सिंधी खिळ्यांची पेटी देवनागरीपेक्षा मोठी. मला सिंधी वाचता येत नसे, पण कुठलं अक्षर उलटं बसलंय ते नजरेला कळायचं.

टेकचंद फाळणीआधी सिंधमध्येच, नवाबशाहकडे वकिली करत. इथे त्यांची वकिली चालली नाही. कल्याणच्या कोर्टात ते लोकांचे अर्ज लिहून देत. उंच, वाकलेले, बारा महिने काळा कोट. त्यांचं सगळं बोलणं हिंदीत, मी इथे मराठीत लिहितो आहे.

पुस्तिकेमागची हकीकत अशी. टेकचंदांच्या गावी करीमबख्श नावाचे एक मास्तर होते. दोघं एका शाळेत शिकले. दंगलीच्या दिवसांत टेकचंदांना आणि त्यांच्या बायकोला करीमबख्श मास्तरांनी आपल्या घरात ठेवून घेतलं आणि नंतर स्वतः सोबत येऊन गाडीत बसवून दिलं. एवढंच मला टेकचंदांनी सांगितलं होतं. यापलीकडे ते कधी बोलले नाहीत. मास्तर आता रिटायर झाले होते आणि पेन्शनीवर राहात होते. दोघांची पत्रं यायची-जायची.

पाकिस्तानची राज्यघटना छपन्न साली झाली होती. आता पहिली सार्वत्रिक निवडणूक होणार, असं तिथलं सरकार सांगत होतं. मास्तरांनी लिहिलं की आमच्या तालुक्यातल्या हाऱ्यांना मत म्हणजे काय हे माहीत नाही. हारी म्हणजे तिकडचं कूळ. वडेरा, म्हणजे जमीनदार, सांगेल तिथे अंगठा उठवायचा एवढंच त्यांना ठाऊक. मास्तरांनी पुढे लिहिलं होतं, मी रात्रशाळेत काहीजणांना अक्षरओळख करून दिली आहे. त्यांच्यासाठी सोप्या सिंधीत, मोठ्या टायपात एक पुस्तिका हवी. इथला एकही छापखाना वडेऱ्याच्या भीतीने ती छापत नाही. तू छापून पाठवशील का?

पत्रासोबत प्रश्नोत्तरं होती. टेकचंदांनी ती मला वाचून दाखवली. एक मला अजून आठवतं. प्रश्न: वडेऱ्याने धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की मत मलाच देईन, तर काय करावं? उत्तर: जबरदस्तीने घेतलेली शपथ ही शपथ नव्हे. पेटीजवळ तू आणि देव, दोघंच असता. दुसरा प्रश्न होता, मत दिलेलं वडेऱ्याला कळेल का? उत्तर एका शब्दाचं होतं. नाही.

मी म्हटलं, "वकीलसाहेब, ही पुस्तिका आमच्याकडच्या गावांतसुद्धा वाटायला हवी."

"तुमच्याकडे वडेरा आहे?"

"पाटील आहेत. मागच्या निवडणुकीला मतदारांना बैलगाडीतून आणलं आणि बैलगाडीतूनच परत नेलं. मध्ये कोणाला उतरून चहा पिऊ दिला नाही."

ते हसले. त्या सबंध प्रकरणात ते हसलेले मला तेवढेच आठवतात.

अडचण कागदाची होती. कागद तेव्हा मिळत नसे. मुंबईत एक समिती होती. शेजारच्या देशांत लोकशाही वाढावी म्हणून सभा घ्यायची, पत्रकं काढायची. नेपाळवर त्यांनी काम केलं होतं. ब्रह्मदेशावर एक परिसंवाद घेतला होता. टेकचंद त्यांच्याकडे गेले. समितीने कागद द्यायचं कबूल केलं. कागद आलाही. आणि मग खिळे जुळवून झाल्यावर चिटणीस आले.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांची मुलंबाळं आज आहेत. माणूस विद्वान होता, खादीचा स्वच्छ पांढरा झब्बा, बोलणं शांत. वाईट हेतू त्यांच्या मनात होता असं मी आजही म्हणणार नाही.

ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमची प्रश्नोत्तरं उत्तम आहेत. पण त्यात मूळ मुद्दाच नाही. पाकिस्तान अमेरिकेच्या लष्करी करारांत बांधला गेला आहे. त्या करारांतून तोफा येतात, रणगाडे येतात. ते कोणाच्या हातात जातात? सेनापतींच्या. ज्या देशात सैन्य सरकारपेक्षा मोठं होतं तिथे मतपेटी टिकत नाही. तेव्हा शेवटी एक प्रकरण हवं. करार सोडा. भारत, ब्रह्मदेश, सिलोन, इंडोनेशिया यांच्या सोबत या. शेजाऱ्यांची आघाडी हीच लोकशाहीची हमी."

टेकचंद म्हणाले, "साहेब, हाऱ्याला तालुक्यापलीकडचं काही माहीत नाही. त्याला इंडोनेशिया सांगून काय करू?"

"त्याला नाही, तर त्याला शिकवणाऱ्याला कळेल."

"शिकवणारा तिथे राहतो. हे त्याच्या हातात सापडलं तर त्याला हिंदुस्थानचा एजंट म्हणतील. मताबद्दलची पुस्तिका सापडली तर फार तर वडेरा रागावेल."

"म्हणजे तुम्हाला धोका नसलेली लोकशाही हवी आहे."

टेकचंद पुन्हा शाईच्या डागाकडे बघू लागले.

चिटणीस म्हणाले, "समितीला कागदाचा हिशोब सभासदांना द्यावा लागतो. नुसतं मत कसं द्यावं हे शिकवण्यासाठी आम्ही कागद दिला असं कसं सांगू? त्याला काही वैचारिक बैठक हवी." आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला. चार पानं बसतील का?

मी त्या वेळी सांगू शकलो असतो की नाही बसत. खिळे पुरत नाहीत. कंपोझिटर रजेवर आहे. छापखान्यात नाही म्हणायला शंभर कारणं असतात आणि ग्राहकाला त्यातलं एकही तपासता येत नाही. टेकचंदांना माझ्याकडून तेवढंच हवं होतं. ते मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त पानांचं गणित सुचलं.

टेकचंदांनी ते प्रकरण सिंधीत करून दिलं. दोन दिवसांनी ते परत आले. प्रेसमध्ये मशीनचा आवाज होता, म्हणून मला बाहेर घेऊन गेले.

"पोतदारजी, पुस्तिकेवर तुमचं नाव येणार?"

"येणार. कायदाच आहे." मी त्यांना समजावून सांगितलं. कुठलंही छापील पुस्तक असो, त्यावर छापणाऱ्याचं नाव, छापल्याचं ठिकाण आणि प्रकाशकाचं नाव घालावंच लागतं. छापणारा मॅजिस्ट्रेटसमोर तसं डिक्लेरेशन करतो. आमच्या प्रेसचं डिक्लेरेशन माझ्या नावावर होतं. नाव न घालता छापलं तर खटला माझ्यावर.

"ते मला माहीत आहे. मी वकील आहे," ते म्हणाले. "तरी विचारतो. उल्हासनगर हा शब्द त्यावर नको."

"मला जमणार नाही, वकीलसाहेब."

ते म्हणाले, "बरोबर आहे." आणि तिथेच उभे राहिले. जायला निघाले नाहीत.

मी हासोमल शेठना विचारलं. ते म्हणाले, "पोतदार साईं, डिक्लेरेशन आपका है. आप जो बोलो." म्हणजे निर्णय माझा आणि परिणामही माझे.

एक रात्र विचार करून मी तोड काढली, आणि खोटं कशाला बोलू, मला तिचा अभिमान वाटला. मूळ बत्तीस पानं बाजूने तारेने टाचायची. ती आपल्या जागी पूर्ण. चिटणीसांची चार पानं म्हणजे एक घडी घातलेला वेगळा कागद. तो शेवटी नुसत्या खळीने चिकटवायचा, खळीची अगदी बारीक रेघ. त्याच कागदाच्या शेवटच्या पानावर, तळाशी, माझं नाव, गाव आणि समितीचं नाव. प्रेसमधून बाहेर पडताना प्रत्येक प्रतीवर नाव आहे. कायदा पाळला गेला. पुढे कोणी शेवटचा कागद ओढून काढला तर बत्तीस पानांना धक्का लागत नाही. लष्करी करारही गेला आणि उल्हासनगरही गेलं.

टेकचंदांना दाखवलं तेव्हा त्यांनी तो कागद दोन बोटांनी हळूच ओढून पाहिला. निघाला. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

आमचं बाइंडिंग अंबरनाथला धर्मा भोईर करायचा. पालेगावचा माणूस, घरची शेती सांभाळून पुठ्ठ्याचं, टाचणीचं काम घ्यायचा. त्याला काम समजावून सांगितलं. त्याने एक प्रत उलटसुलट करून बघितली.

"ही चार पाना येगली कशाला लावाची?"

"फाडता यावीत म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. "फारून टाकाचीच हायेत तं छापली कशाला?"

मी म्हटलं, "तू लाव."

एक हजार प्रती झाल्या. पाचशे टेकचंदांच्या, पाचशे समितीच्या.

टेकचंदांची विधवा बहीण रुक्मणी तिकडेच राहिली होती. सासरचं घर सोडायला ती तयार झाली नव्हती. वर्षा-दोन वर्षांनी व्हिसा काढून सरहद्दीवरच्या खोखरापारमार्गे गाडीने भावाला भेटायला यायची. त्या पावसाळ्यात ती आली होती. एका रविवारी मी टेकचंदांच्या खोलीवर गेलो. आम्ही तिघं चटईवर बसून एकेका प्रतीचा शेवटचा कागद काढत होतो. पाचशे कागद. खळ चांगली धरली होती, काही ठिकाणी सुरीचं टोक घालावं लागलं. रुक्मणीबाईंनी दोन जाड गोधड्या उसवून ठेवल्या होत्या. प्रती एकेक करून कापसात रचून त्या वरून टाके घालत होत्या.

सिंधीत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात. मी विचारलं, "दादी, सरहद्दीवर तपासलं तर?"

त्या टाका तोडत म्हणाल्या, "तपासू दे. एकदा त्यांनी माझ्या लोणच्याच्या बरणीत काठी घालून बघितलं होतं. काठी चाटली आणि म्हणाले, मीठ जास्त आहे." मग म्हणाल्या, "मास्तरांचं काम आहे. माझ्या भावाला त्यांनी जिवंत पाठवलं."

काढलेले कागद त्यांनी शेगडीसाठी ठेवून घेतले.

गोधड्या पोचल्या. मास्तरांचं पत्र आलं, त्यात एवढंच होतं की रजया ऊबदार आहेत, गावात बऱ्याच घरी दिल्या. टेकचंद ते पत्र घेऊन प्रेसवर आले, मला वाचून दाखवलं आणि ते माझ्याकडेच ठेवायला दिलं. कारण आमच्या प्रेसमध्ये प्रत्येक कामाचं एक मोठं पाकीट असे. त्यात मूळ मजकूर, प्रुफं, पत्रव्यवहार, सगळं जायचं. मास्तरांची सगळी पत्रं त्यात होती. त्यांचा पत्ताही.

समितीच्या पाचशे प्रती मी स्वतः मुंबईला घेऊन गेलो. चिटणीसांनी एक प्रत हातात घेतली, मागचं पान बघितलं. नुसतं चिकटवलेलं आहे हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी पावतीवर सही केली, मला चहा मागवला.

मी म्हणालो, "साहेब, या तिकडे टपालाने पाठवू नका. इथे वाटा, दिल्लीला पाठवा."

"समितीचं काम समितीला कळतं, पोतदार," ते म्हणाले. रागाने नाही, सहज. मग म्हणाले, "त्या मास्तरांचा पत्ता आहे का तुमच्याकडे? इतकं मोठं काम करतायत ते. समितीतर्फे दोन ओळींचं आभाराचं पत्र जायला हवं."

हिशोबाचे कागद त्यातच असल्यामुळे कामाचं ते पाकीट माझ्या पिशवीत होतं. मी पत्ता वाचला. तो सिंधीत आणि इंग्रजीत दोन्हीत होता. त्यांच्या टेबलावरचा एक कागद घेतला आणि इंग्रजीत स्वच्छ अक्षरात उतरवून दिला. गाव, तालुका, जिल्हा. माझं अक्षर चांगलं आहे. लोक लग्नपत्रिकांवर नावं घालायला माझ्याकडे येतात.

आभार मानायला कोणी पत्ता मागितला तर माणूस देतो. हे मी स्वतःला फार वेळा सांगितलं आहे.

ऑक्टोबरात एका सकाळी प्रेसवर गेलो तर हासोमल शेठच्या रेडिओभोवती सगळे जमले होते. पाकिस्तानात लष्करी कायदा. राज्यघटना रद्द. निवडणूक नाही. कंपोझिटर लीलाराम खिळ्यांच्या पेटीसमोर उभा होता. त्याचा हात पेटीतच राहिला होता.  शेठ म्हणाले, "चलो, काम करो," आणि रेडिओ बंद केला.

इथे मला एक गोष्ट लिहिली पाहिजे. चिटणीसांचं म्हणणं खरं ठरलं. सैन्य सरकारपेक्षा मोठं झालं तर मतपेटी टिकत नाही, हे त्यांनी चार महिने आधी, माझ्याच टेबलाशी सांगितलं होतं. त्यांच्या चार पानांतला एकही शब्द चुकीचा नव्हता. या सगळ्यात मला तेच सर्वांत जास्त खुपतं.

थंडीत रुक्मणीबाईंचा निरोप आला, तिसऱ्याच कोणाच्या हातून. टेकचंद प्रेसवर आले ते सरळ माझ्या टेबलाशी. उभ्यानेच बोलले.

"करीमबख्शला नेलं."

"केव्हा?"

"महिना झाला. घराची झडती घेतली. आपल्या प्रती मिळाल्या. त्याचं काही नव्हतं. तो म्हणाला मीच लिहिलंय, इथेच कुठेतरी छापून घेतलं. त्यांना ते पटलंही असतं. पण त्यांच्याकडे दुसरी एक प्रत होती. छत्तीस पानांची. टपालात पकडलेली, त्याच्या नावाने आलेली. सोबत समितीचं पत्र होतं. आपल्या कार्याबद्दल आभार, वाटपाचा अहवाल पाठवावा."

 दोन प्रती शेजारी ठेवल्या की पुढे तपासायला काही उरत नाही. तोच टाइप, तोच कागद, तीच रुंदी. कुठलाही छापखानेवाला एका नजरेत सांगेल. मीच सांगितलं असतं.

टेकचंद म्हणाले, "त्याचा पत्ता इथे तिघांना माहीत होता. मला, रुक्मणीला आणि तुम्हाला."

"मी दिला."

"मागितला त्यांनी?"

"हो. आभाराचं पत्र पाठवायचं म्हणाले."

"तोंडी सांगितलात?"

"लिहून दिला."

 ते म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुमचं. पत्र चुकून दुसरीकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता."

मला त्यांनी ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत. कोटाची वरची गुंडी लावली आणि निघून गेले.

खटला लष्करी कोर्टात चालला. आम्हाला कळलं ते तुकड्या-तुकड्याने. कोर्टात मास्तरांची प्रश्नोत्तरं कोणी वाचलीच नाहीत. शपथेचा प्रश्न, पेटीचा प्रश्न, कशाशीच कोणाला देणंघेणं नव्हतं. मोठ्याने वाचली ती शेवटची चार पानं, आणि त्याखालचं माझं नाव, आणि गाव. परक्या देशाच्या चिथावणीने देशाच्या संरक्षण कराराविरुद्ध प्रचार, असा आरोप. मास्तरांनी ती चार पानं त्या कोर्टातच पहिल्यांदा पाहिली. त्यांना बऱ्याच वर्षांची शिक्षा झाली. पेन्शन बंद झाली. ज्या हाऱ्यांच्या घरात प्रती मिळाल्या त्यांना जमिनीवरून हाकललं, ते काम वडेऱ्याने स्वतः केलं. त्याला लष्कराची गरज लागली नाही.

रुक्मणीबाईंची चौकशी झाली. त्यानंतर त्यांना व्हिसा मिळाला नाही. भाऊ-बहिणीची पुन्हा भेट झाली नाही.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला चिटणीस परत आले. या वेळी शेठच्या केबिनमध्ये बसले. मला आत बोलावलं. टेकचंदांनाही निरोप गेला होता, ते आले होते.

चिटणीस म्हणाले, "मास्तरांचं फार वाईट झालं. पण त्यांचं बलिदान वाया जाऊ द्यायचं नाही. समिती त्यांच्यावर इंग्रजीत एक पुस्तिका काढतेय. त्यांचा फोटो, त्यांचं कार्य, खटल्याची हकीकत. जगाला कळू दे. वकीलसाहेब, तुमच्याकडे त्यांचा एखादा फोटो असेल. शाळेतला वगैरे."

टेकचंदांनी विचारलं, "त्यांना विचारलं का?"

"ते तुरुंगात आहेत."

"म्हणूनच विचारतो. तुम्ही इथून जेवढं मोठं छापाल तेवढा तो तिकडे मोठा गुन्हेगार होईल."

"वकीलसाहेब, व्यक्तीपेक्षा प्रश्न मोठा असतो."

टेकचंद उठले. म्हणाले, "असेल. मला तो प्रश्न कधी भेटला नाही. करीमबख्श भेटला होता." आणि केबिनचं दार नीट ओढून घेऊन बाहेर गेले.

चिटणीसांनी माझ्याकडे बघितलं. "पोतदार, तुमचा अंदाज किती पानांचा?"

मी म्हणालो, "हे काम इथे होणार नाही."

शेठ म्हणाले, "क्यों नहीं होगा? कागज इनका है."

"माझ्या नावाने होणार नाही. तुम्हाला करायचं तर डिक्लेरेशन बदला. मी उद्या मॅजिस्ट्रेटकडे येतो."

शेठनी मला काढून टाकलं नाही. व्यवहारी माणूस. दुसरा डिक्लेरेशनवाला शोधायला त्यांना वेळ नव्हता. पुस्तिका मुंबईत दुसरीकडे छापली गेली. गुळगुळीत कागदावर, फोटोसकट. फोटो त्यांनी कुठून मिळवला मला माहीत नाही. तिच्यामुळे मास्तरांची शिक्षा वाढली असं मी सिद्ध करू शकत नाही. त्यांच्यासोबत धरलेले दोघं मधेच सुटले आणि मास्तरांना शेवटच्या दिवसापर्यंत ठेवलं, एवढंच मला माहीत आहे.

सुटल्यावर त्यांनी टेकचंदांना एक कार्ड पाठवलं. त्यात तब्येत बरी आहे, आंब्याला मोहर आला आहे, असं काहीबाही होतं. शेवटी एक ओळ होती, की भावा, आता पत्र लिहू नकोस. टेकचंदांनी ती पाळली. कार्ड त्यांनी मला दाखवलं ते कल्याणच्या कोर्टाबाहेर, अर्ज लिहिता लिहिता. त्यानंतर आम्ही रस्त्यात भेटलो तर नमस्कार करत असू. प्रेसवर ते पुन्हा आले नाहीत.

चिटणीस पुढे शेजारी देशांच्या प्रश्नांचे जाणकार म्हणून बरेच नावारूपाला आले. बदलापूरला एका व्याख्यानमालेत त्यांचं भाषण होतं. मी गेलो नाही. हँडबिलं आमच्याच प्रेसमध्ये छापली, ती माझ्या नजरेखालून गेली. नावात एक वेलांटी चुकली होती, ती मी दुरुस्त केली.

मी आणखी पंचवीस वर्षं या धंद्यात काढली. नवीन माणूस शिकायला आला की त्याला पहिला नियम सांगत असे. शेवटच्या प्रुफावर सही घेतल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. सही कोणाची? ऑर्डर देणाऱ्याची, असं पुस्तकात लिहिलं आहे. आमच्या त्या कामावरही सह्या होत्या. टेकचंदांची होती, चिटणीसांची होती, कागद पोचल्याची शेठची होती. नियमाप्रमाणे कुठे चूक काढता येणार नाही. त्या छापील कागदापायी तुरुंगात जो जाणार होता, त्याला प्रुफ दाखवलं नव्हतं.